गाडी चालवतं कोण

नानांकडे कुणीही स्क्रीन लावून घ्यायला गाडी घेऊन गेलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. कोणती गाडी, कोणता स्क्रीन, कधी पाहिजे, हे सगळं नंतर. आधी, "गाडी चालवतं कोण?" साक्री-शिरपूरकडचा माणूस असला तर तेच अहिराणीत, "गाडी कोन चालावस?" ज्याने "मी" म्हटलं त्याच्याशीच पुढचं बोलणं. बरोबर आलेल्या मालकाला, सासऱ्याला, मित्राला ते हाताने कडुनिंबाखालचा बाक दाखवायचे.

मी जुनी छोटी गाडी घेतली तेव्हा धाकटा भाऊ माझ्याबरोबर होता. गाडीतला कंपनीचा रेडिओ चालू होता, पण त्याचा डिस्प्ले गेलेला. भावाने ऑनलाइन मोठा टच स्क्रीन मागवला होता आणि बोलणंही तोच करत होता. नऊ इंची आहे, मागचा कॅमेराही जोडायचा, स्पीकर तेच राहू द्या. नानांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी चालवतं कोण?"

"ताई चालवते, पण..."

"मग तुम्ही बाकावर बसा."

भाऊ बसला. नाना माझ्याकडे वळले. "अक्का, आवाज कमी करायचा असला की तुमचा हात कुठं जातो?"

मी हात पुढे केला. जुन्या रेडिओची गोल घुंडी होती, तिकडे आपोआप गेला.

"आणि ह्यात?" त्यांनी नवा स्क्रीन खोक्यातून काढून माझ्या समोर धरला. त्याला घुंडी नव्हती. सपाट काच. कडेला बारीक खुणा, त्याही काचेतच.

"बघून दाबावं लागेल."

"म्हणजे रस्ता सोडून." त्यांनी स्क्रीन खोक्यात घातला, थर्माकोल जसा होता तसा बसवला आणि खोकं भावाच्या मांडीवर ठेवलं. "घुंडीवाला आणा. सात इंची चालेल. बिनघुंडीचा मी लावत नाही."

परतीच्या रस्त्यात भाऊ चिडला होता. "तुमच्या कॉलेजचा शिपाई आहे की आरटीओ?"

शिपाई नव्हे. फिजिक्सच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते, देवपुरातल्या एका कॉलेजात. मी तिथे तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे तासाप्रमाणे मानधन, दर जूनला नवी नेमणूक आणि सुट्टीत काही नाही. ते बारावी नापास, मी एम.एस्सी. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, कारण त्यामागे माझ्या वडलांनी फैजपूरच्या बाजूला केळीचे घड ट्रकमध्ये भरण्यात घालवलेली उमेदीची सगळी वर्षं आहेत. सांगायचा मुद्दा असा की पहिल्या वर्षी मी नानांशी थोडी तोऱ्यातच वागले. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, किंवा घेतलं असेल तर दाखवलं नाही.

प्रयोगशाळेत त्यांना चूक दिसली की ते बोलायचे नाहीत. फडकं घ्यायचे आणि चूक जिथे झाली असेल तिथलं टेबल पुसत राहायचे. मुलांना हे माहीत होतं. नाना आपल्या टेबलाशी पुसायला आले की मुलं आपापल्या तारा तपासायला लागत. एकदा मी फळ्यावर काढलेल्या सर्किटप्रमाणे स्वतः जोडणी करून मुलांना दाखवत होते आणि ॲमीटरचा काटा उलटा जात होता. नाना आले आणि बॅटरीच्या डाव्या टोकाशी पुसायला लागले. तिथे धूळ नव्हती. मी टोकं बदलली, काटा सरळ झाला, आणि नाना काहीच न झाल्यासारखे खिडकीची काच पुसायला गेले. त्या दिवसापासून माझा तोरा कमी झाला.

कॉलेजात ते मला "मॅडम" म्हणायचे. रविवारी त्यांच्या अंगणात "अक्का". वयाने मी त्यांच्या मुलीएवढी, पण खानदेशात अक्का म्हणायला वय लागत नाही, मान द्यायचा असला की पुरतं. मी एकदा अंगणात त्यांच्याशी प्रॅक्टिकलच्या वहीचं काही बोलायला लागले तर म्हणाले, "मॅडम कॉलेजात राहिल्या. इथं अक्का आल्यात."

त्यांचं अंगण पांझरा नदीच्या पुलापासून फार लांब नव्हतं. एक कडुनिंब, एक बाक, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एका वेळी एकच गाडी. दुकान नाही, पाटी नाही. मुख्य रस्त्यावरच्या दुकानांत तासाभरात स्क्रीन बसवून मिळायचा. नानांना अर्धा दिवस लागायचा. डॅशबोर्डच्या पट्ट्या काढायला ते स्क्रूड्रायव्हर लावायचे नाहीत, ओरखडा पडतो म्हणून. दात घासायच्या जुन्या ब्रशांचे दांडे दगडावर घासून त्यांनी पातळ केले होते, ते फटीत सरकवायचे. निघालेला प्रत्येक स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये. पहिला निघाला तो पहिल्या खणात, दुसरा दुसऱ्या. जो गाडी चालवतो त्याने तो ट्रे मांडीवर धरून बसायचं. "आपल्या गाडीचे स्क्रू आपल्याकडं," म्हणायचे. मोठमोठे लोक तो निळा ट्रे दोन्ही हातांत धरून बसलेले मी पाहिलेत.

मल्टिमीटर त्यांचा स्वतःचा होता. कॉलेजात चार होते, पण त्यातला एकही कधी अंगणात आला नाही. सोल्डरची तारसुद्धा नाही. कंपनीची वायर ते कापायचे नाहीत. गाडीच्या मूळ सॉकेटला बसेल असा कपलर शोधून आणायचे, नाही मिळाला तर आठवडाभर गाडी परत पाठवायचे. काढलेला रेडिओ जुन्या लुंगीच्या फडक्यात गुंडाळून, वर गाडीचा नंबर लिहून मालकाच्या हातात द्यायचे. "कपाटात ठेवा. गाडी विकाल तेव्हा परत लावून देतो."

आणि सगळं बसवून झालं की परीक्षा. चालवणाऱ्याला सीटवर बसवायचं, त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि बाहेरून हुकूम सोडायचे. "आवाज कमी. आणखी कमी. गाणं पुढं. फोन आला, उचला. बंद करा सगळं." चुकलं की रुमाल सोडायचा नाही. मी घुंडीवाला सात इंची घेऊन गेले तेव्हा तिसऱ्यांदा पास झाले. भाऊ बाकावरून हसत होता. नानांनी रुमाल सोडला, घडी केली आणि म्हणाले, "बठ्ठं बराबर शे, सगळं बरोबर. जा आता."

आता त्या एका तारेचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

असल्या प्रत्येक स्क्रीनच्या मागून तारांचा एक झुबका येतो. पिवळी बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थिंगची, बाकी स्पीकरच्या जोड्या. त्यात एक बारीक तार असते, तिच्यावर ब्रेक असं लेबल असतं. ती हँडब्रेकला जोडायची. हँडब्रेक ओढलेला असला तर स्क्रीनवर व्हिडिओ दिसतो. खाली सोडला, गाडी निघाली, की चित्र बंद, आवाज तेवढा चालू. दुकानवाले ती तार हँडब्रेकपर्यंत नेतच नाहीत. काळीला पिळून टाकतात, म्हणजे स्क्रीनला कायम वाटतं की हँडब्रेक ओढलेला आहे. धावत्या गाडीत सिनेमा चालू. गिऱ्हाईक खूश.

नाना ती तार सीटखालून हँडब्रेकपर्यंत न्यायचे. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "गाडीला खोटं सांगून गाडी चालवायची का?" एवढंच. भाषण नाही. पुष्कळ लोक त्यांच्याकडून जाऊन रस्त्यावरच्या दुकानात पाच मिनिटांत ती तार पिळून घेत असतील. नानांना ते माहीत होतं. "त्यांनी केलं ते त्यांचं. माझ्या हातून नाही."

त्या वर्षी आमच्या विभागात कायम जागेची जाहिरात निघाली. मुलाखत महिन्यावर आली होती. मुलाखतीच्या टेबलावर संस्थेचे अध्यक्ष बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका कार्यक्रमानंतर चहा घेताना अध्यक्षसाहेब म्हणाले की त्यांना गाडीत मोठा स्क्रीन बसवून घ्यायचाय, पण दुकानवाल्यांवर भरवसा नाही, नव्या गाडीच्या तारा कापून ठेवतात. मी पुढे झाले. "सर, आपल्या प्रयोगशाळेतले नाना लावतात. एक तारही कापत नाहीत."

मी हे नानांच्या कौतुकासाठी बोलले, असं आजही सांगू शकते. पण ते खरं नाही. साहेबांनी माझं नाव लक्षात ठेवावं म्हणून बोलले.

रविवारी साहेब आले. स्क्रीन नानांनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे घुंडीवाला. गाडीतून साहेब मागच्या दाराने उतरले, ड्रायव्हर पुढच्या. ड्रायव्हर साक्रीकडचा, पन्नाशीचा, मान खाली घालून चालणारा. मी आधीच येऊन बाकावर बसले होते.

"गाडी चालवतं कोण?" नाना म्हणाले.

साहेबांना वाटलं चेष्टा आहे. "गाडी माझी आहे, नाना."

"गाडी साहेबांचीच. चालवतं कोण?"

ड्रायव्हरने हात थोडासा वर केला, वर्गात हजेरी देतात तसा. नानांनी बर्फाचा ट्रे त्याच्या हातात दिला. साहेब माझ्या शेजारी येऊन बाकावर बसले. मी उठून उभी राहिले, त्यांनी "बसा, बसा मॅडम" म्हटलं, मी टेकल्यासारखी बसले. तीन तास ते काम चाललं. साहेब फोनवर त्यांच्याच सत्काराचे व्हिडिओ बघत होते आणि अधूनमधून मला दाखवत होते. स्क्रीन त्यांना कशासाठी पाहिजे होता ते मला कळलं. मुंबईला मंत्रालयात जाताना आठ-नऊ तास जातात, म्हणाले, फोन फार बारीक दिसतो.

परीक्षा झाली. ड्रायव्हर पहिल्याच वेळी पास झाला. इतका पटकन की नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग साहेब पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, व्हिडिओ लावला, स्वतःचं भाषण मोठ्या पडद्यावर पाहून खूश झाले आणि म्हणाले, "चल, एक चक्कर मार."

गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. काच खाली झाली.

"नाना, हे बंद पडलं."

"बंद नाही साहेब. हँडब्रेक सोडला की चित्र जातं. थांबली की येईल."

"दुसऱ्यांच्या गाड्यांत चालू राहतं."

"राहतं."

"मग तसं करा."

नाना फाटकापर्यंत गेले. मीही गेले. नाना साहेबांच्या बाजूला थांबले नाहीत. वळसा घालून ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले. "तुले पाहिजे का भाऊ? खरं सांग."

ड्रायव्हर समोर बघत राहिला. साहेब शेजारी बसलेले, त्यांच्या घरची नोकरी, त्यांनी दिलेली खोली. तो हळू बोलला, स्टिअरिंगशीच बोलल्यासारखा.

"नको नाना. नजर तठेच जास."

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला बाजूला राहता आलं असतं. ते हसले आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही तर फिजिक्सच्या. एक तार जोडायला काय लागतं?"

काही लागत नाही. मुलांना मी अर्थिंग शिकवते. ती तार कुठून कुठे जाते हे मी तीन तास पाहिलं होतं. महिन्यावर मुलाखत होती, आणि फैजपूरला वडील शेजाऱ्यांना सांगून बसले होते की पोरगी आता कायम होणार.

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी खिशातून कटर काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"घ्या, मॅडम," म्हणाले.

रविवार होता. अंगण त्यांचं होतं. मॅडम.

पट्टी काढायला मला दोन मिनिटं लागली, तार काळीला पिळून टेप लावायला तीन. हात चांगला आहे माझा, जोड स्वच्छ झाला. भाषण परत सुरू झालं आणि साहेब म्हणाले, "बघा, शिक्षण ते शिक्षण." त्या वेळी नाना फडकं घेऊन आले. डॅशबोर्डची ती पट्टी, जिच्यामागे माझा जोड होता, तीच पुसायला लागले. डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. त्यावर धूळ नव्हती. गाडी निघेपर्यंत पुसत होते. मी त्यांच्या हाताकडे बघत होते आणि ड्रायव्हर माझ्याकडे एकदाही बघत नव्हता.

पुढे तीन-चार दिवस कॉलेजात नाना नेहमीसारखेच होते. "मॅडम, रेझिस्टन्स बॉक्स काढून ठेवले." "मॅडम, दुसऱ्या बॅचला उशीर होईल." त्यांच्या बोलण्यात काही नव्हतं, म्हणूनच मला ते ऐकवत नव्हतं. घरी जाताना मी माझ्या गाडीत बसायचे, हँडब्रेक सोडायचे, घुंडीवर हात जायचा, आणि मला साहेबांची गाडी मुंबईच्या रस्त्यावर दिसायची. कसाऱ्याचा घाट, पुढे ट्रक, आणि ड्रायव्हरच्या कोपराशी साहेबांचा हार घातलेला सत्कार. तो माणूस स्वतः नको म्हणाला होता. हे मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी मी साहेबांच्या बंगल्यावर गेले. वडलांना फोन केला नाही, भावाला सांगितलं नाही. प्लास्टिकची जुनी पट्टी घासून मी पातळ करून घेतली होती, नानांच्या ब्रशच्या दांड्यांसारखी. साहेब ओसरीवर पेपर वाचत होते.

"या मॅडम. मुलाखतीचं काही?"

"नाही सर. रविवारी मी जोडलेली तार चुकली आहे. ती नीट करायला आले."

"चालतंय की ते."

"चालतंय, पण चुकलंय. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांनी नको म्हटलं होतं, नजर तिथेच जाते म्हणून."

साहेबांनी पेपर खाली केला. मी त्यांच्या चष्म्याकडे बघत उभी राहिले. मग ते म्हणाले, "कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. मीच आले."

"बरं," म्हणाले आणि पेपर वर केला. त्या बरंचा अर्थ मला आजपर्यंत लागलेला नाही. ड्रायव्हरने गाडीचं दार उघडलं. स्क्रू ठेवायला मी काही आणलं नव्हतं. त्याने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. मी एकेक स्क्रू त्यात टाकत गेले. काम होईपर्यंत तो तसाच उभा होता. शेवटी त्याने हँडब्रेक सोडला, चित्र गेलं, ओढला, चित्र आलं. तो मान हलवून म्हणाला, "हां, आते बराबर."

मुलाखतीत साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला. "गाडी स्वतः चालवता ना?" मी हो म्हटलं. जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. त्याच्याकडे पीएच.डी. होती, माझ्याकडे तेव्हा नव्हती, म्हणून त्या तारेमुळे जागा गेली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. वाईट वाटलं का? वाटलं. वडलांना सांगायला फैजपूरला गेले तेव्हा ते म्हणाले, "जाऊ दे माय, दुसरी निंघेन." आणि तीन वर्षांनी जळगावला निघाली. आज मी तिथे कायम आहे. वडील माझ्या शेजारच्या सीटवर बसतात तेव्हा त्यांना स्क्रीनवर कुस्त्या बघायच्या असतात. मी रस्त्याच्या कडेला सावली बघून थांबते, हँडब्रेक ओढते, एक कुस्ती निकाली निघेपर्यंत आम्ही दोघं बघतो आणि मग निघतो. घरी पोचायला उशीर होतो. होऊ दे.

पण हे पुढचं. त्या गुरुवारनंतरच्या रविवारी, मुलाखत अजून व्हायची होती, मी नानांच्या अंगणात गेले. त्यांना सांगायचं होतं की मी काय केलं. वाटेत पुलावरून जाताना वाक्यं जुळवत होते. अंगणात कुणाची तरी टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती आणि नाना तिच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवे झाले होते. गाडीचा ड्रायव्हर पाणी प्यायला आत गेला होता. बाकावर बसलेले तिचे मालक कंटाळून जांभया देत होते.

"नाना," मी म्हटलं.

ते बाहेर आले नाहीत. दात घासायच्या ब्रशचा दांडा तोंडात धरलेला होता, तो काढला. आतूनच त्यांचा हात बाहेर आला, त्यात बर्फाचा निळा ट्रे, पहिल्या चार खणांत चार स्क्रू.

"आला नाही तो अजून," ते म्हणाले. "तोवर तुम्ही धरा, अक्का."

मी सांगायचं होतं ते सांगितलं नाही. ट्रे दोन्ही हातांत घेतला आणि पाचव्या स्क्रूची वाट बघत उभी राहिले.